मागची खोली रिकामी करणेबाबत

उभ्या नोकरीत दप्तरसाहेबांच्या हातून एक कागद हरवला नाही, हा त्यांचा अभिमान. आणि उभ्या संसारात त्यांच्या हातून एक वस्तू फेकली गेली नाही, ही त्यांच्या बायकोची तक्रार. दप्तरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागाचे ते मुख्य, म्हणून इमारतीतल्या लोकांनी ते नाव पाडलं आणि ते त्यांना अंगभर बसलं. त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत, कारण त्या शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली, निवृत्ती झाली, तरी बाई त्या बाईच. खुद्द दप्तरसाहेबही एरवी 'अगं' म्हणत, पण चूक कबूल करायची वेळ आली की 'बाई' म्हणत. अलीकडे ते बरेचदा 'बाई' म्हणू लागले होते.

त्याचं कारण मागची खोली.

झालं होतं असं, की निवृत्तीनंतर बाईंनी दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम मागितलं होतं. आयुष्यभर पोरांना 'मोठ्याने वाच, गिळू नकोस' म्हणून ओरडण्यात गेलं. आता एकदा तरी कुणाला बरं वाटावं म्हणून वाचू दे, एवढीच त्यांची इच्छा. वाचनालयाने मायक्रोफोन दिला, एक जाडजूड कादंबरी दिली आणि सांगितलं, आधी एका प्रकरणाचा नमुना पाठवा. बाईंनी स्वयंपाकघरात बसून नमुना वाचला. वाचनालयाच्या तंत्रज्ञाचा फोन आला. माणूस फार सभ्य होता.

"बाई, आवाज फारच सुंदर आहे हो तुमचा," तो म्हणाला. "पण तुमच्यापेक्षा तुमचा फ्रिज जास्त स्पष्ट वाचतो. आणि नायिका प्राण सोडते तिथे कुणीतरी मिक्सर लावलाय. घरात एखादी शांत खोली नाही का? महिनाअखेरपर्यंत नमुना आला तर बरं. नाहीतर ही कादंबरी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

शांत खोली होती की! रस्त्यापासून लांब, फ्रिजपासून लांब, अशी ती मागची खोली. पण तिच्यात दप्तरसाहेबांचे छंद राहत होते. डेकपर्यंत बांधून झालेलं लाकडी जहाज, दुर्बीण, जलरंग, सुतारकामाची हत्यारं, माउथ ऑर्गन, पाय मोडलेली आरामखुर्ची, ती दुरुस्त करायला आणलेली दुसरी पाय मोडलेली आरामखुर्ची, आणि 'लागेल कधीतरी' या सदरात मोडणारं बाकीचं सगळं. दार उघडलं की आधी हात घालून काय पडतंय ते धरायचं आणि मग आत जायचं, अशी रीत होती.

बाई भांडल्या असत्या तर दप्तरसाहेबांनी तोंड दिलं असतं. पण बाईंनी मायक्रोफोन नीट पुसला, खोक्यात ठेवला, खोकं बंद केलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे." ते 'जाऊ दे' दप्तरसाहेबांना फार लागलं. इतकी वर्षं ज्या माणसाने आपला पगार, घोरणं आणि दोन आरामखुर्च्या सहन केल्या, त्या माणसाला आपण चार भिंतींची एक खोली देऊ शकत नाही? छे!

त्याच आठवड्यात परगावच्या लेकीने फोनवर त्यांना मिनिमलिझम नावाचा प्रकार सांगितला, आणि वर एक चित्रफीतही पाठवली. तीत एक गृहस्थ पांढऱ्याशुभ्र घरात एक खुर्ची, एक कप आणि एक झाड घेऊन सुखाने राहत होता. "पाहुणा आला तर याने बसवायचं कुठे, झाडावर?" असं दप्तरसाहेब म्हणाले खरे, पण चित्रफीत त्यांनी पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी चष्मा पुसला. जे वर्षभर हाताला लागलं नाही ते काढा, कपडे एकाच रंगाचे ठेवा, छंद एकच ठेवा, की मन मोकळं होतं, असं तो गृहस्थ म्हणत होता. दप्तरसाहेबांना मनाचं काही नव्हतं, त्यांना खोली मोकळी हवी होती. पण माणूस एकदा बाटला की जास्त जोरात बांग देतो म्हणतात, तसं त्यांचं झालं.

आता सुज्ञ माणसाने काय केलं असतं? एक टेम्पो बोलावला असता. पण दप्तरसाहेबांच्या कचेरीत जुना कागद नष्ट करायचा तर आधी नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. जन्मभराची सवय ती. त्यांनी सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली आणि जिन्याखालच्या फलकावर टाचली: 'मागची खोली रिकामी करणेबाबत. सदर खोलीतील वस्तू निकाली काढण्यात येत असून कोणाची हरकत असल्यास येत्या रविवारी समक्ष येऊन नोंदवावी.'

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. स्वतःची मोडकी खुर्ची फेकायला कुणी शेजाऱ्यांची परवानगी मागतं का? पण मागितली की लोक हरकत घ्यायला मागेपुढे पाहत नाहीत. रविवारी सकाळी दारात चपलांचा ढीग पडला.

पहिले आले शेजारचे विमेवाले. ते त्या आरामखुर्चीकडे ओल्या डोळ्यांनी बघत राहिले. "याच खुर्चीत बसून मी तुम्हाला पहिली पॉलिसी विकली हो! माझ्या धंद्याचा पाया आहे हा. फेकू नका."

"मग तुम्ही घेऊन जा," दप्तरसाहेब म्हणाले.

"छे छे, माझ्याकडे जागा कुठाय?"

वरच्या मजल्यावरच्या मावशींची हरकत दुर्बिणीला होती. दुर्बीण फेकायला नव्हे, इतकी वर्षं ठेवायला. तिचं तोंड त्यांच्या बाल्कनीकडे होतं म्हणे. दप्तरसाहेबांनी परोपरीने सांगितलं, की ती चंद्र बघायला होती आणि चंद्र तिकडूनच उगवतो. पण मावशींनी चंद्राची बाजू ऐकून घेतली नाही. शेवटी इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांना वस्तूंशी कर्तव्य नव्हतं. फलकावर नोटीस लावण्याआधी सेक्रेटरींची सही घेतली नाही, ही त्यांची हरकत. ती त्यांनी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत लांबवली. बाई आतून चहा पाठवत होत्या. दुपारी सगळे हरकतदार तृप्त होऊन गेले आणि वस्तू सगळ्या जागच्या जागी होत्या.

पण दप्तरसाहेब हटले नाहीत. खोली रिकामी होईपर्यंत स्वतःपासून सुरुवात करावी म्हणून त्यांनी कपड्यांचं कपाट उपसलं. सगळं वाटून टाकून शिंप्याकडे गेले आणि एकाच राखाडी कापडाचे शर्ट आणि पँट्स शिवायला टाकल्या.

"कुठल्या शाळेचा गणवेश साहेब?" शिंप्याने विचारलं.

कचेरीत पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवडाभर तोच रंग दिसल्यावर मात्र मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं. "घरी सगळं ठीक आहे ना? काही अडचण असेल तर मोकळेपणी सांगा. आपण काही परके नाही." दप्तरसाहेबांनी त्यांना तत्त्व समजावलं. साहेब मान हलवत राहिले, आणि त्या दिवसापासून विभागातला एकेक जण डब्यातला जास्तीचा घास त्यांच्या टेबलावर सरकवू लागला. कळवळ्याने दिलेला घास नाकारता येत नाही आणि गोडही लागत नाही. दप्तरसाहेबांचं वजन मात्र वाढलं.

त्याहून वाईट झालं ते घरी. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणारी माणसं नेमकी राखाडी कपड्यांत येत. एका संध्याकाळी दप्तरसाहेब कचेरीतून परतले तर नवे भाडेकरू जिन्यातच आडवे आले. "काय हो, सकाळपासून फोन करतोय, आत्ता उगवताय?"

"मी रेकॉर्ड विभागाचा मुख्य आहे," दप्तरसाहेब शक्य तितक्या करारीपणे म्हणाले.

"तुम्ही कुणीही असा. आधी लिफ्ट सुरू करा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा असा अपमान कुणी केला नव्हता. ते ताठ मानेने आपल्या मजल्यापर्यंत जिना चढून गेले. वर जाऊन बघतात तो लिफ्ट चालूच होती, फक्त कुणीतरी दार नीट लावलं नव्हतं. त्यांनी ते लावलं. खालून भाडेकरू ओरडले, "झालं बघा! उगाच दिवसभर लावलात!"

मग छंदांची पाळी आली. एका माणसाला एक छंद, या तत्त्वाप्रमाणे त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन मनाशी विचारलं, तू राहणार का? आणि काय सांगावं, प्रत्येक वस्तू 'हो' म्हणाली! जलरंगांनी तर रडवलं. शेवटी एकाला ठेवावं आणि बाकीच्यांना हाकलावं हा अन्याय नको, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच हाकललं. जहाज एका शाळेने नेलं, दुर्बीण दुसऱ्या शाळेने नेली, आणि माउथ ऑर्गन त्यांनी मोठ्या मनाने विमेवाल्यांना दिला. आता त्यांना एकही छंद उरला नाही. रिकाम्या वेळात काय करायचं हे न कळून ते आणखी आवरू लागले. पडदे गेले, गालिचा गेला, पाहुण्यांच्या रजया गेल्या, गाद्यांच्या जागी चटया आल्या. बाई म्हणाल्या, "अहो, फक्त मागची खोली म्हणाला होतात तुम्ही." पण ऐकतो कोण?

मोठ्या सामानासाठी पालिकेची गाडी लागत होती. पालिकेच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, सामान निरुपयोगी असल्याचा सेक्रेटरींचा दाखला आणा. सेक्रेटरी म्हणाले, "निरुपयोगी लिहून देतो हो, पण रविवारी विमेवाल्यांनी या खुर्चीवर हरकत घेतली आहे. हरकत निकाली निघाल्याशिवाय मी सही कशी करू? तुम्हीच सांगा, तुम्ही रेकॉर्डमधले." दप्तरसाहेबांना त्यांचं म्हणणं मनापासून पटलं, हीच तर पंचाईत! अखेर बाईच उठल्या, विमेवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हरकत मागे घ्या." विमेवाल्यांनी उभं राहून घेतली.

खोली रिकामी झाली. काय दिसत होती म्हणून सांगू! धुतलेली फरशी, कोऱ्या भिंती, आणि मधोमध एक टेबल, एक खुर्ची. दप्तरसाहेबांनी मायक्रोफोनचं खोकं स्वतः उघडलं आणि म्हणाले, "अगं, ये." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रकरण वाचलं, नमुना धाडला. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाचा फोन आला.

"बाई, विहिरीत उतरून वाचताय का?"

रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. बाई एक वाक्य वाचायच्या आणि भिंती ते पुन्हा वाचायच्या. शिवाय भिंतीपलीकडे विमेवाले माउथ ऑर्गन शिकत होते. त्यांना एकच चाल येत होती आणि तीही शेवटपर्यंत येत नव्हती. यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात. बाई या वेळी 'जाऊ दे' सुद्धा म्हणाल्या नाहीत. बहिणीला बरं नव्हतं, तिच्याकडे चार दिवस जाऊन येते म्हणाल्या आणि गेल्या.

बाईंची पाठ वळली आणि विमेवाले आले. ताकाला आले होते, भांडं लपवत होते. "सहज बघायला आलो हो. वा, काय जागा केलीत! मनसुद्धा मोकळं होत असेल नाही इथे?" थोडा वेळ त्यांनी मन मोकळं केलं. मग म्हणाले, "आमच्याकडे रंगकाम काढलंय. ते मोठं कपाट फक्त चार दिवस इथे टेकवलं तर?"

दप्तरसाहेबांच्या तोंडात 'नाही' हा शब्द आला होता. पण भीड ही भिकेची बहीण! कपाट आलं, रजयांनी गच्च भरलेलं, आणि सामाईक भिंतीला टेकून उभं राहिलं. कपाट चाललेलं वरच्या मावशींनी जिन्यातून पाहिलं आणि संध्याकाळी त्यांच्या गाद्या आल्या. "मुलाचा संसार हलला, गाद्या राहिल्या. गाद्याच त्या, खात नाहीत की पीत नाहीत," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी इमारतीच्या सभागृहातला जुना गालिचा गुंडाळून घेऊनच दारात उभे.

"हे मात्र जमणार नाही!" दप्तरसाहेब ओरडले. "ही माझी खोली आहे!"

"समितीचा ठराव झालाय. रिकाम्या जागेचा तात्पुरता वापर."

"मला न विचारता?"

"फलकावर नोटीस लावून हरकती मागवल्या होत्या. माझ्या सहीनिशी. तुम्ही वाचली नाहीत?"

पद्धत निर्दोष होती. दप्तरसाहेबांनी स्वतः गालिच्याचं दुसरं टोक धरलं.

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई परतल्या. दप्तरसाहेब राखाडी कपड्यांत दारात उभे होते. "बाई," ते म्हणाले, आणि बाईंना कळलं की काहीतरी भयंकर घडलंय. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. आत कपाट, गाद्यांची चळत, गालिचा, आणि मध्ये कसंबसं टेबल. टेबलखुर्ची सोडली तर स्वतःच्या घरातली एक काडी नव्हती आणि पाय ठेवायला जागा नव्हती.

"मी सगळं परत नेऊन देतो," दप्तरसाहेब काकुळतीला आले. "आत्ता. एकेकाच्या दारात जातो. खोटं बोलतो, वाळवी लागली म्हणून सांगतो. पण उद्या तू वाचशील. काय वाट्टेल ते झालं तरी वाचशील."

बाई अंग तिरकं करून कपाट आणि गाद्या यांच्यामधून आत शिरल्या. दार लागलं. बाहेर दप्तरसाहेबांना आतून एक टाळी ऐकू आली. वर्ग गप्प करताना वाजवतात तशी. मग दुसरी. मग काहीच नाही.

"अहो!" बाईंची हाक आली. "टाळी परत येत नाहीये!"

"म्हणजे?"

"म्हणजे मायक्रोफोन आणा!"

बाईंनी दोन पानं वाचून तंत्रज्ञाला ऐकवली. कपाटामुळे माउथ ऑर्गन पार गुदमरला होता, आणि घुमणारा आवाज गाद्यांनी गिळला होता. तंत्रज्ञ म्हणाला, "बाई, हा आवाज! असाच पुरा नमुना उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा, शेवटचा दिवस आहे." त्या दिवशी दोघं पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाराची घंटा वाजली. वरच्या मावशी. मुलगा सहकुटुंब येतोय, गाद्या हव्यात. दप्तरसाहेब म्हणाले, फक्त संध्याकाळपर्यंत थांबा. मावशी म्हणाल्या, पोरं दुपारी येऊन झोपायचीत. "मी भाडं देतो," दप्तरसाहेब म्हणाले. "माझ्याच गाद्यांचं मला भाडं?" मावशींना घेरी यायची राहिली. शेवटी, काही झालं तरी परक्याच्या गाद्या. दप्तरसाहेबांनीच त्या डोक्यावर घेऊन वर पोचवल्या. नव्या भाडेकरूंनी जिन्यात बघून विचारलं, "आता हेही काम करता का?"

बाईंनी टाळी वाजवली. डाव्या कोपऱ्यातून ती ठणठणीत परत आली. दुपार सरत चालली होती. दप्तरसाहेब घरभर धावले, पण टांगायला पडदा नाही, पसरायला रजई नाही, साधा जुना कोट नाही; कपाटातल्या रजया विमेवाल्यांच्या कुलपात आणि गालिचा उजव्या बाजूला हवाच. स्वतःच्या हाताने घर इतकं स्वच्छ केलं होतं की अडीनडीला एक चिंधी मिळेना. ते रिकाम्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. गादीच्या दुकानात जावं तर जाऊन येईपर्यंत संध्याकाळ.

"माझं चुकलं बाई," ते म्हणाले. आवाज खरोखरच फुटला. "तुला खोली द्यायची होती गं. एवढंच द्यायचं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कचेरीतल्या डब्यांनी ते चांगले भरदार झाले होते.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात बसा. भिंतीला टेकून. अजून पसरून बसा. उशी घ्या पोटावर. आता खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि घोरायचं तर मुळीच नाही."

त्यांनी टाळी वाजवली. टाळी गेली ती गेली.

बाई वाचू लागल्या. एका बुडालेल्या जहाजावरच्या माणसांची गोष्ट होती ती. आणि दप्तरसाहेबांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण हिला वाचताना कधी ऐकलंच नाही. शाळेतल्या पोरांनी ऐकलं, आपण कुठे होतो? नायिका प्राण सोडते तिथे त्यांचं नाक वाहू लागलं. तेही त्यांनी ओढलं नाही. पाय सुन्न झाला, नाकावर माशी बसली, हलले नाहीत. इतकं सुखाचं बसणं त्यांना बरेच दिवसांत घडलं नव्हतं.

नमुना वेळेत गेला. दिवे लागायच्या सुमाराला फोन आला, तेव्हा दप्तरसाहेब पायाला मुंग्या आल्यामुळे अजून कोपऱ्यातच होते. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला.

"पास, बाई, पास! पूर्ण कादंबरी तुमचीच. आणि कालच्यापेक्षाही आज छान आलंय हो, काय उबदार आवाज!" तंत्रज्ञ म्हणाला. "खोलीत नवीन काय आणून ठेवलंत?"

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. पोटावर उशी घेतलेले दप्तरसाहेब श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते.

"नवीन काही नाही हो," बाई म्हणाल्या. "जुनंच आहे. घरात नुसतं पडून होतं."